महादेवच्या नावावर नऊ हंगाम

माझ्या आत्याविषयी लोक फार गोड गोड बोलतात हल्ली. सोसलं बिचारीने, कष्ट केले, मुलगी शिकवली. मला संताप येतो ऐकून. बिचारी म्हणे. माझ्या आत्याला बिचारी म्हणणारा माणूस तिच्यासमोर पाच मिनिटं उभा राहून दाखवू दे, मग बोलू. तिने काय सोसलं ते मला सांगायचंच नाही. तिने काय ऐकून घेतलं नाही, ते सांगायचंय.

चंद्रावती महादेव घरत तिचं नाव. माझ्या वडिलांची, जगनची, पाठची बहीण. आम्ही कोन गावचे, पनवेलच्या अलीकडचे, भातवाले. आत्या दिली होती खाली खाडीकडे, पनवेलहून उरणला जाताना आत वळतो ना रस्ता, त्या बाजूला. तिथे शेती नव्हती, मिठागर होतं. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ धरलं की ओढायचं. आगर एका शेठचं. गावातले सगळे त्याच्याकडे कामाला, दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम पाऊस येईपर्यंत चालायचा.

कामाची वाटणी ठरलेली होती. लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन वाफ्यातलं मीठ ओढायचं ते पुरुषाने. ओढलेलं मीठ टोपलीत भरून डोक्यावरून राशीपर्यंत न्यायचं ते बाईने. फावड्याचा दर वेगळा, टोपलीचा वेगळा, आणि टोपलीचा कमी हे काय सांगायला हवं? दिवसाला बारा रुपये फावड्याला, सात टोपलीला. आत्याचं लग्न झालं त्या सालचे हे दर. खाऱ्या पाण्यात उभं राहून पाय दोघांचे सारखेच फुटायचे, त्याला दर नव्हता.

ब्याऐंशी साली होळीच्या आधी आत्याचे यजमान, महादेव मामा, काविळीने गेले. मुलगी, तिचं नाव पूर्वी, तेव्हा दोन वर्षांची. तेराव्याला माझे वडील म्हणाले, चल, पोरीला घेऊन कोनला चल, भावाच्या घरात दोन माणसं जड नाहीत. आत्या म्हणाली, "तुला जड नाय, पन वयनीला होतीन. आणि मनाय होतीन." मनाय, म्हणजे मलाही. झालं, विषय संपला. चौदाव्या दिवशी तिने महादेव मामांचं फावडं उचललं आणि आगरात गेली.

आता इथे काशिराम येतो. काशिराम आगराचा मुकादम, हजेरी त्याच्या हातात. माणूस वाईट नव्हता, पण शेठच्या सावलीलाही घाबरायचा. त्याने आत्याला बांधावर बाजूला घेतलं. म्हणाला, "चंद्रे, फावडा तू मार, मना काय नाय. मीठ धरलाय, मानूस कमी हाय. पन तुजा नाव फावड्यावर लिवला तर शेठ बोलेल बाय हाय, बायकी दर दे. मंग पोरीला काय घालशील? महादेवचा नाव हाय तसा राहू दे. तू अंगठा उठव."

आणि ती अंगठा उठवत राहिली. तो संपत आलेला हंगाम सोडला तरी पुरे नऊ हंगाम. तोही डावा. कारण नाव पुरुषाचं, आणि पुरुषाचा डावा अंगठा घ्यायचा, बाईचा उजवा, अशी रीत. काशिराम रीतीला पक्का.

तुम्ही शहरातली माणसं म्हणाल, ही तर फसवणूक. अहो, आमच्याकडे सातबाऱ्यावर खापरपणजोबा अजून शेती कसतात. विजेचं बिल मेलेल्या आजोबांच्या नावाने येतं आणि नातू ते मुकाट भरतो. नाव काढायला तालुक्याला कोण हेलपाटे घालणार? घरातलं काम घरातल्या पुरुषाच्या नावावर, मग तो असो वा नसो. सबंध गावाला ठाऊक होतं महादेवच्या नावावर कोण फावडं मारतंय ते. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. आत्यालाही नाही. तिला एवढंच दिसत होतं की रास तेवढीच पडते, आणि रोजी तेवढीच मिळते.

एक्क्याण्णव साली आगर बंद झालं. जमीन कुठल्याशा प्रकल्पाला गेली. शेठला त्याचे मिळाले, ते किती हे कुणी सांगितलं नाही. कामगारांना हंगामामागे ठरावीक रक्कम मिळणार असं ठरलं, तीही ब्याऐंशीच्या दिवाळीपासूनची, कारण त्याआधीची हजेरीबुकं सापडलीच नाहीत. पुरुषाला दोन हजार, बाईला बाराशे. त्यासाठी पनवेलला एक कचेरी थाटली होती, एक साहेब बसवले होते, आणि गावात छापील फॉर्म वाटले होते. फॉर्म इंग्रजीत. मिठागरातल्या माणसांना इंग्रजी फॉर्म. कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे, त्याला एकदा भेटायचं होतं मला.

मी तेव्हा पनवेलच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, आर्ट्सला. आमच्या खानदानात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, म्हणजे कागद वाचून दाखवायचं खातं माझ्याकडे. आत्या फॉर्म घेऊन थेट कॉलेजच्या फाटकाशी आली. मुलींच्या घोळक्यात नऊवारीचा काष्टा घातलेली, उन्हाने काळी पडलेली माझी आत्या. मला जरा लाज वाटली, खोटं कशाला बोलू. तिला ते कळलं. म्हणाली, "लाजून झाला का, मंग वाच."

फॉर्म कचेरीतल्या कारकुनाने आधीच भरला होता, हजेरीवरून. कामगार: महादेव घरत. काम: फावडं. खाली कुटुंबाची माहिती. पत्नी: चंद्रावती. काम: घरकाम. आणि त्याच्यापुढे आणखी एक रकाना होता, त्यात नुसती आडवी रेघ.

"ही रेघ कशावर मारलीय?" आत्याने विचारलं.

"सॅलरी," मी म्हटलं. "म्हणजे पगार. तुला पगार नाही असं लिहिलंय."

तिने फॉर्म माझ्या हातातून घेतला आणि ती रेघ बघितली. वाचता येत नव्हतं तिला, पण रेघ वाचायला अक्षरओळख कशाला लागते? मग म्हणाली, "नव वरसं त्याचा नाव चालवला मी. त्यान पोट भरला, मी कवा बोलली नाय. पन मी घरान बसलेली? ह्या खोटा हाय. ह्या मी नाय राहू देयाची."

आम्हाला इंग्रजी शिकवायच्या वसुंधरा कर्णिक मॅडम. पन्नाशीच्या, एकट्या, तोंडाने फटकळ, म्हणून मला आवडायच्या. फॉर्मचं काय करायचं ते विचारायला मी आत्याला त्यांच्याकडे नेलं. मॅडमनी फॉर्म वाचला, चष्मा काढला, आणि एकदम हसल्या. मला वाटलं, झालं, ह्यापण त्यातल्याच.

"चंद्रावतीबाई," त्या म्हणाल्या, "ज्या शब्दापुढे ह्यांनी तुम्हाला रेघ मारलीय ना, तो शब्द तुमचा आहे. सॅलरी. फार जुनी भाषा होती, लॅटिन, रोमची. तिच्यात मिठाला साल म्हणत. त्यापासून सालारियम. आधी त्याचा मिठाशी काहीतरी संबंध होता, मग त्याचा अर्थ झाला कामाचा नेमलेला पैसा. तिथून इंग्रजीत सॅलरी. सगळे साहेब लोक महिन्याच्या महिन्याला जी सॅलरी घेतात, तिच्या पोटात मीठ आहे."

आत्या टेबलाच्या काठाला धरून उभी होती. "मीठ? खायाचा मीठ?"

"खायचं मीठ. लोक तर सांगतात, रोमच्या शिपायांना पगारात मीठच देत किंवा मीठ घ्यायला पैसे देत. पण ते सांगीवांगी. तसा पक्का पुरावा कुणाला सापडलेला नाही. शब्द मिठातून आला एवढं मात्र नक्की."

"म्हंजे त्यांचाय कागद हरवलाय," आत्या म्हणाली.

मॅडम इतक्या हसल्या की शिपाई डोकावून गेला. पण आत्या हसली नव्हती. तिने विचारलं, "आणि आमी बोलतो त्यो पगार?"

"तो पोर्तुगीजांचा. चौल, वसई त्यांच्याकडे होती ना, तेव्हा राहिलेला. पगार म्हणजे त्यांच्या भाषेत पैसे चुकते करणं. इंग्रजीतला पे शब्द त्याचा भाऊ, पेमेंट त्यातूनच. आणि गंमत बघा, त्याचं मूळ आहे लॅटिनमध्ये, शांत करणं. ज्याचं देणं लागतो त्याला पैसे देऊन शांत करायचं. गप्प करायचं म्हणा."

मला तासाला जायचं होतं. मी गेले. परत आले तर दोघी स्टाफरूमच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या, मॅडमच्या हातात सुक्या बोंबलांचा पुडा, आणि बोलणं एकदम थांबलं. काय बोलत होतात, विचारलं, तर आत्या म्हणाली, "तुजी तक्रार. लक्ष नाय बोलतान अभ्यासान." मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

पुढच्या सोमवारी आम्ही कचेरीत गेलो. आत्या, मी, आणि माझे वडील. साहेब चाळिशीचे, इस्त्रीवाले, पेनला टोपण लावून बोलणारे. आत्याने सरळ सांगून टाकलं. महादेव ब्याऐंशीला वारले, तेव्हापासून फावड्यावर मी आहे, अंगठे माझे आहेत, नाव माझं लिहा.

साहेबांनी हजेरीबुकं काढली. भिंग लावून अंगठे बघितले. "हे तर डावे अंगठे आहेत, पुरुषाचे." आत्याने काशिरामची रीत सांगितली. मग तिचा डावा अंगठा कागदावर घेतला, तर काय, नुसता निळा डाग. मिठाने तिच्या बोटांवरच्या रेघाच खाऊन टाकल्या होत्या. बुकातही नऊ वर्षांचे निळे डाग. डागाला डाग जुळतो, पण डाग कुणाचाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. आवाज मऊ झाला. मऊ आवाजाच्या साहेबापासून सावध राहावं, हे मी तेव्हा शिकले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही जे बोलताय ते बाहेर बोलू नका. मेलेल्या माणसाच्या नावावर पुरुषी दराने पैसे उचलले, हा गुन्हा होतो. मी ऐकलंच नाही असं समजतो. मार्ग सोपा आहे. एक प्रतिज्ञापत्र करा, की पती महादेव हे हंगाम संपल्यावर, जून एक्क्याण्णवमध्ये वारले. तुम्ही वारस. पुरुषाच्या दराने नऊ हंगामांचे अठरा हजार. आठ दिवसांत चेक. कुणाला काही विचारायचं कारण नाही."

अठरा हजार. एक्क्याण्णव-ब्याण्णवचे. आत्याच्या घराची मागची भिंत पावसात बसली होती, तिथे ताडपत्री होती. पूर्वी सहावीत होती, हुशार होती, आणि गावातली शाळा सातवीपर्यंतच. अठरा हजारात भिंत उभी राहिली असती आणि पूर्वी पनवेलला शिकली असती. हे मला दिसत होतं, वडिलांना दिसत होतं, आत्याला तर दिसतच होतं.

"विचार करून सांगते," आत्या म्हणाली.

बाहेर आल्यावर एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये वडील तिच्यावर घसरले. "हाती आलेल्या लक्ष्मीला लाथ मारू नको, चंद्रे. सही कर नि मोकळी हो. महादेव तर गेलाच हाय, आता नव वरसं मागं गेला काय नि पुढं गेला काय?"

"मागं-पुढं?" आत्याने चहाचा कप ठेवला. "तो गेला तवा मी त्याच्या उशाशी होते. नव वरसं त्याच्याशिवाय काढली मी. ती वरसं आता त्याना देऊ? जिता होता नि मीठ ओढत होता, नि मी घरान भाकऱ्या थापत होते, असा लिवून देऊ? देवाच्या नावान?"

"अगं, नुसता कागद हाय."

"कागद हाय म्हनूनच. पूर्वी उद्या वाचील तो कागद. तिला वाचता येतंय. आणि दादा, ते अठरा हजार मिठाचं नाय देत. मना गप करायचं देतान."

वडील म्हणाले, मग बस नाव चाटत. चहाचे पैसे न देता निघून गेले. आठ महिने बोलले नाहीत तिच्याशी. आणि मी? मला वाटत होतं, वडिलांचं बरोबर आहे. आत्याला मी तोंडावर तसं सांगितलं. म्हटलं, नावाने काय भिंत उभी राहते का? ती म्हणाली, "तू लहान हायस," आणि माझ्याही चहाचे पैसे दिले.

आत्याने जाऊन प्रतिज्ञापत्राला नाही म्हणून सांगितलं, तेव्हा साहेबांनी साक्षीदार मागितला. ठाऊक सगळ्या गावाला होतं, पण हजेरी लिहिणारा एकच, काशिराम. पण काशिरामने खरं सांगितलं तर खोटी हजेरी त्याच्याच अंगावर येणार, आणि त्याची स्वतःची भरपाई अडकणार. आत्या त्याच्या दारात गेली. मीही होते. वाटलं होतं, रडेल, पाया पडेल. तिने एवढंच विचारलं, "काशिदादा, तुजी सून सोनाबाय टोपली उचलते का नाय? उद्या तुजा पोरगा गेला, तर तिच्या नावापुढं रेघ पायजे का?"

सोनाबाई आतून पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला आणि तिथेच उंबऱ्यात उभी राहिली. हलेचना. सासऱ्यासमोर ती कधी अशी उभी राहत नसे. शेवटी काशिराम म्हणाला, "येतो. पन मना भीती वाटते, चंद्रे." आत्या म्हणाली, "मनाय वाटते. दोघा घाबरत जाऊ."

तो आला. कचेरीत उभा राहून, टोपी हातात घेऊन, सगळं सांगितलं. महादेवचं नाव मी ठेवलं, अंगठा मी लावायला सांगितला, फावडं हिने मारलं, एका दिवसाचा खाडा नाही, आणि रास कुणाही पुरुषाच्या बरोबरीची. त्याची भरपाई पुढे दीड वर्ष अडकवली त्यांनी. त्या दिवसापासून मी काशिरामला भित्रा म्हटलेलं नाही.

आता साहेब कात्रीत सापडले. लेखी साक्ष झाली होती, ऐकलंच नाही म्हणायची सोय उरली नव्हती. त्यांनी आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. त्या दिवशी आत्या आणि मी दोघीच गेलो. साहेबांचा मऊ आवाज गेला होता.

"ठीक आहे बाई. अजूनही दोन्ही रस्ते खुले आहेत. प्रतिज्ञापत्र करा, अठरा हजार घ्या. नाहीतर तुमच्या नावाने लिहितो. पण मग तुम्ही बाई. बाईचा हंगामाला बाराशे. नऊ हंगामांचे दहा हजार आठशे. आणि नऊ वर्षं पुरुषाची रोजी उचललीत, ती बायकी दरापेक्षा जास्त गेली. खरं तर सगळीच कापायला हवी. माणुसकी म्हणून थोडी कापतो. हातात येतील चार हजार दोनशे. बोला."

माझं डोकं फिरलं. चार हजार दोनशे. त्यात भिंत होत नाही, पूर्वीची शाळा होत नाही, काही होत नाही. मला वाटलं, आता तरी ही शहाणी होईल. मी कानात म्हटलंसुद्धा, आत्या, अठरा घे, माझी शपथ आहे.

आत्याने साहेबांकडे बघत विचारलं, "माजा नाव कागदावर येईल?"

"येईल."

"कामगार म्हनून?"

"कामगार म्हणून."

"फावड्यावर होते, असा लिवाल?"

साहेब वैतागले. "लिहितो हो. फावडं लिहितो, नऊ हंगाम लिहितो, स्त्री दर लिहितो. झालं समाधान?"

"समदा लिवा," आत्या म्हणाली. "दरबी लिवा. चार हजार दोनशे द्या."

मला रडू फुटलं. रागाने. साहेब लिहीत होते, पेन करकरत होतं, आणि मी खुर्चीत तोंड फिरवून रडत होते. काय बाई ही. नावासाठी लेकराच्या तोंडचा घास काढला. वडील म्हणाले ते खोटं नव्हतं, असं सगळं मनात येत होतं. माझी तेव्हाची अक्कल तेवढीच, काय करणार.

साहेबांनी सही केली, तारीख टाकली, एक प्रत आत्याच्या हातात दिली. आत्याने ती मला दिली. "वाच, मोठ्यान." मी नाक पुसत वाचलं. चंद्रावती महादेव घरत, कामगार, काम फावड्याचे, नऊ हंगाम, दर स्त्री. "बरोबर?" तिने विचारलं. मी म्हटलं, बरोबर.

मग तिने कनवटीची पिशवी सोडली आणि आतून चौघडी केलेला एक कागद काढला. अक्षर मी दुरून ओळखलं. फळ्यावर रोज बघत होते. कर्णिक मॅडमचं.

"आता ह्यो घ्या, साहेब. दुसरा अर्ज."

साहेबांनी उलगडला. वाचता वाचता त्यांच्या कपाळावर आठी चढली. मला दिसावं म्हणून मी वाकले. शहात्तर सालचा समान वेतनाचा कायदा. एकाच कामाला पुरुषाला एक आणि बाईला एक दर देता येत नाही. अर्जदार कामगाराला फावड्याच्या कामासाठी स्त्री दराने भरपाई दिली आहे, सबब दरातला फरक, आणि रोजीपोटी काही कापलं असल्यास तेही, परत मिळावं. खाली जागा सोडलेली होती, अंगठ्यासाठी.

म्हणजे बाकावर दोघींचं हे चाललं होतं. आणि मला, खानदानात कागद वाचणाऱ्या पहिल्या मुलीला, त्यांनी अभ्यासाची तक्रार सांगून वाटेला लावलं होतं. वारस म्हणून अठरा हजार घेतले असते तर ती होती एका कामगाराची बायको. बायकोला कसला दर आणि कसला फरक? फरक मागायला आधी कामगार असावं लागतं, आणि तेवढंच एक तिने चार हजार दोनशेला विकत घेतलं होतं.

"हे बघा," साहेब म्हणाले, "बायकांचा दर पहिल्यापासून कमीच आहे. सगळीकडे आहे. मी नाही ठरवला."

"मी ओढलेला मीठ," आत्या म्हणाली, "बाजारान बायकी भावान इकला काय शेठनी? एकाच राशीन गेला ना? गिऱ्हाइकाला सांगितला काय, ह्या बाजूचा बाईनी ओढलाय, हा स्वस्त घ्या?"

शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाने मान खाली घातली, बहुतेक हसू लपवायला.

"तुमच्या सॅलरीन माजा मीठ हाय, साहेब. मास्तरीनबाय बोलल्या," आत्याने वर सुनावलं. साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी हात झटकला. असल्या गोष्टींवर कचेऱ्या चालत नाहीत, हे आत्यालाही माहीत होतं. तिला बोलायचं होतं, ती बोलली.

त्या अर्जाला चार वर्षं लागली. तारखा, हेलपाटे, दोन साहेब बदलले, फरक शेवटी मिळाला, आणि मधल्या काळात आत्याने पनवेलच्या बाजारात बसून सुकी मासळी विकली, मागची भिंत स्वतः लिंपून उभी केली आणि पूर्वीला आमच्या घरी कोनला ठेवली. माझ्या वडिलांनीच जाऊन आणली तिला, आठ महिन्यांचा अबोला सोडून. पण हे सगळं नंतरचं. मला आठवतो तो त्या दुपारचा साहेबांचा चेहरा.

त्यांनी अर्ज टेबलावरून परत आत्याकडे सरकवला. शेवटचा प्रयत्न म्हणा. "हा असा घेता येत नाही बाई. हा कायदा कामगारांसाठी आहे. अर्जदार फावड्याच्या कामावरची कामगार होती, ह्याला आधी सरकारी पुरावा लागेल."

आत्याने माझ्या हातातली प्रत काढून घेतली, अर्जाच्या शेजारी ठेवली आणि त्यांच्या सहीवर बोट टेकवलं. शाई अजून ओली होती, तिच्या बोटाला लागली.

"ह्यो पुरावा," ती म्हणाली. "तुमचाच अक्षर हाय. वाचा."